होय, मी सांगतो तसं कर

मावशीच्या लॅबमधला कॉम्प्युटर सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून मेला.

असं काहीही घडलेलं नाही. अकरा वाजून नऊ मिनिटांपर्यंत तो ठणठणीत होता आणि अकरा वाजून अकरा मिनिटांनी त्याचा पडदा काळा होता, एवढीच माहिती उपलब्ध आहे. मधल्या मिनिटात मी कुठे होतो असं कुणी विचारलं तर मी खुर्चीत होतो असं सांगतो. ते खरंच आहे. तेव्हा तो विषय आपण इथेच सोडू आणि लॅबकडे वळू, म्हणजे मळमळीला रीतसर सुरुवात करता येईल.

लॅब तीन खोल्यांची आहे. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकलेला बाक, काउंटर आणि काउंटरच्या मागे काउंटरताई. मधल्या खोलीत फ्रीज, मायक्रोस्कोप, नळ, आणि वीस वर्षं त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले तंत्रज्ञ, ज्यांना सगळे सूक्ष्मराव म्हणतात. आतल्या खोलीत मावशी. ती डॉक्टर आहे आणि लॅब तिची आहे. लोकांना आपल्या शरीरातलं जे जे चारचौघांत काढायची लाज वाटते, ते ते लोक डबीत भरून इथे आणतात आणि वर "सांभाळून हं" म्हणतात. रक्त त्यातल्या त्यात सभ्य. लघवीकडे मान वळवून दुर्लक्ष करता येतं. पण लाल झाकणाची पांढरी डबी आली की मी भिंतीकडे तोंड करतो. शौचाचा नमुना. नुसता शब्द लिहितानाही मी कागद लांब धरलाय.

मी मुळात दुधावरची साय बघून घराबाहेर पळणारा माणूस. दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला तर माझं दुपारचं जेवण जातं. अशा माणसाने लॅबमध्ये काय करावं? मावशी म्हणाली, "कॉम्प्युटर बघ. त्याला वास येत नाही."

हे तिने तो कॉम्प्युटर जवळून न बघता म्हटलं होतं. हातमोजे घातलेल्या, न घातलेल्या, आणि घालून मग नाक खाजवलेल्या माणसांनी तो कीबोर्ड बारा वर्षं बडवला होता. कळांच्या मधल्या फटींत एक राखाडी, चिकट, केसाळ थर होता, त्याला मी मनातल्या मनात 'रहिवासी' म्हणायचो. स्पेसबार दाबला की तो सावकाश, अनिच्छेने वर यायचा, जसा सुट्टीच्या दिवशी मावशीचा नवरा, म्हणजे माझा काका, उठतो. मी टोकाला रबर असलेल्या पेन्सिलीने टाइप करायचो. काउंटरताई मला 'चिमणी' म्हणायची, कारण मी टोचत टोचत काम करतो.

या लॅबमध्ये दोन नियम आहेत आणि दोन्ही मावशीचे आहेत.

पहिला नियम असा की डबीवर नाव लिहायचं नाही. फार पूर्वी एका बाईंनी फ्रीजमध्ये आपल्या विहीणबाईंची डबी नावासकट पाहिली आणि पुढे दोन कुटुंबं एकमेकांशी बोलेनाशी झाली. तेव्हापासून डबीवर फक्त नंबराचं स्टिकर. कुठला नंबर कुणाचा हे फक्त कॉम्प्युटरला माहीत. तोही नंबर ओळीने देत नाही, चिठ्ठ्या उचलल्यासारखा कुठलाही देतो, आणि यादी कुलूपबंद ठेवतो. हा प्रोग्राम मावशीच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने लिहिला. दादा आता दुसऱ्या शहरात असतो आणि आईचा फोन तिसऱ्या रिंगला उचलतो.

दुसरा नियम तीन हाकांचा. मावशीला अडगळ सोसत नाही. कुठलीही वस्तू विनाकारण पडलेली दिसली की ती उचलते, उंच धरते आणि तीनदा विचारते, "हे कुणाचं? हे कुणाचं? हे कुणाचं?" कुणी "माझं" म्हणालं नाही तर वस्तू थेट कचऱ्यात. म्हणालं, तर ती वस्तू आयुष्यभर त्याने सांभाळायची. पुसायची, ठेवायची, जबाबदारी घ्यायची. घरी काकाची कवळी अशीच गेली. काका अंघोळीला गेला होता, कवळी पेल्यात होती, तीन हाका झाल्या, आतून बुडबुड्यांसारखा काहीतरी आवाज आला, पण त्यात "माझं" हा शब्द स्पष्ट नव्हता. स्पष्ट येणार कसा? दात बाहेर होते. तेव्हापासून काका कुठलीही हाक ऐकू आली की आधी "माझं!" म्हणतो. त्यामुळे आज त्याच्याकडे दांडा नसलेल्या तीन छत्र्या, शेजाऱ्यांचं एक प्रमाणपत्र आणि एक नळ आहे.

आता सोमवार.

सकाळी आठ वाजता एका कारखान्याच्या कॅन्टीनचा मॅनेजर आला. वर्षातून एकदा सगळ्या स्वयंपाक्यांची तपासणी असते. त्याने एका पिशवीतून सव्वीस लाल झाकणं काउंटरवर मांडली. एक एक करून, बुद्धिबळाची प्यादी मांडावी तशी. मी रस्त्यावर जाऊन झाडाकडे बघून आलो.

साडेआठला हेडसर आले. हे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन होतं, आणि सर्जनने बजावलं होतं की शौचाचा रिपोर्ट आज पाचपर्यंत हातात आला नाही तर तारीख जाईल. पुढची तारीख तीन महिन्यांनी. आणि हेडसरांना होत नव्हतं. अकरा दिवस ते रोज सकाळी रिकामी डबी घेऊन यायचे, ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "आजही गैरहजर."

त्या सोमवारी ते आले, डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हजर."

काउंटरताईने टाळ्या वाजवल्या. सूक्ष्मराव आतून उठून आले आणि हेडसरांशी हात मिळवणार होते, पण मी मध्ये पडून त्यांना थांबवलं. सत्ताविसावी डबी फ्रीजमध्ये गेली. नोंद कशीबशी झाली, डबीवर नंबराचं स्टिकरही लागलं, पण गिऱ्हाइकाला त्याचा नंबर सांगणारी पावती काही छापली जाईना. सव्वीस स्वयंपाक्यांच्याही छापल्या गेल्या नाहीत. पडद्यावर आलं की डिस्क भरली आहे, जागा नाही.

"साफ कर," मावशी पर्स खांद्याला लावत म्हणाली. ती नर्सिंगच्या मुलींना स्वच्छतेवर व्याख्यान द्यायला निघाली होती. "चारपर्यंत येते. आणि आपली पद्धत माहीत आहे ना? न विचारता काही फेकायचं नाही."

पद्धत मला माहीत होती. इथे माझा काही दोष नाही हे नमूद करतो.

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. त्यात प्रत्येक सोय म्हणजे एक पॅकेज. काळ्या खिडकीत नाव टाकून 'काढ' म्हटलं की ते पॅकेज जातं आणि जागा मोकळी होते. मी यादी उघडली आणि एक एक नाव मोठ्याने वाचायला लागलो.

"पत्त्यांचा खेळ! हे कुणाचं? हे कुणाचं?"

"माझं!" काउंटरताई ओरडली. "खबरदार."

"स्कॅनरचं काहीतरी. हे कुणाचं?" तीन हाका. कुणी नाही. गेलं.

"सात भाषांचे कीबोर्ड. हे कुणाचं?"

"एका भाषेत बोलून इथे कुणी ऐकत नाही," सूक्ष्मराव आतून म्हणाले. "फेक."

अशी वीस-बावीस पॅकेजं गेली आणि फारशी जागा झाली नाही. मग एक नाव आलं. पायथन. आकाराने बऱ्यापैकी.

"पायथन! हे कुणाचं?"

"कोण?" सूक्ष्मरावांनी विचारलं.

"पायथन. म्हणजे अजगर."

"लॅबमध्ये अजगर कशाला हवा, राजा?"

दुसरी हाक. तिसरी हाक. ताई नखं कापत होती. बाकावर बसलेल्या हेडसरांनीही मान हलवून आपला नाही असं सांगितलं. मी 'काढ' म्हटलं.

इथे यंत्र थांबलं. त्याने सांगितलं की याच्या आधारावर उभी असलेली आणखी चारशे सात पॅकेजं याच्याबरोबर जातील. मी नावं बघितली. त्यातलं एकही मला ओळखीचं नव्हतं आणि, प्रामाणिकपणे, कुणी हाक मारूनही ओ दिली नसती. मग यंत्राने लिहिलं की आपण नेमकं काय करतोय हे ठाऊक असल्याशिवाय हे करू नये. तरीही करायचंच असेल तर नुसतं 'होय' चालणार नाही. पुढचं वाक्य जसंच्या तसं टाइप करा: होय, मी सांगतो तसं कर!

मी ते वाक्य बराच वेळ बघत राहिलो.

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. शाळेत हेडसरांकडून, घरी आईकडून, इथे मावशीकडून. बसच्या कंडक्टरनेही मला एकदा ऐकवलंय. पण म्हणण्याची संधी? छे. माझ्या सांगण्यावरून आजवर कुत्रंही बसलेलं नाही. आणि इथे एक अख्खं यंत्र हात जोडून म्हणत होतं, की साहेब, एकदा म्हणा, मग बघा.

मी पेन्सिल बाजूला ठेवली. बोटांनी, रहिवाशांसकट, ते वाक्य टाइप केलं. उद्गारचिन्हही दिलं.

यंत्राने मी सांगितलं तसं केलं.

ओळी धबधब्यासारख्या सरकल्या. आधी पडद्यावरची चित्रं गेली. मग घड्याळ गेलं. मग वायफायची खूण गेली, मग माऊसचा बाण, आणि शेवटी खिडकीची चौकट माझ्या डोळ्यांसमोर विरघळली. मी बंद करून चालू केलं. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, उघडझाप करणारी. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"काय झालं?" ताईने हळूच विचारलं.

"काही नाही."

"मग पत्ते कुठे गेले?"

तिने काळा पडदा बघितला, मला बघितलं, बाकावरच्या हेडसरांना बघितलं. आणि मान्य केलं पाहिजे, बाई पक्की निघाली. तिने खुर्ची ओढली आणि मेलेल्या पडद्यासमोर जोरजोरात टाइप करायला लागली.

"चालू आहे ना?" हेडसरांनी विचारलं.

"हो सर, जोरात," ताई म्हणाली.

मी मागच्या जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"काय काढलंस?" त्याने विचारलं. मी सांगितलं. पलीकडे खुर्ची करकरली.

"दादा? हसतोयस का?"

"नाही. उभा राहिलोय. त्याने विचारलं असेल की तुला."

"विचारलं."

"वाक्य लिहायला लावलं असेल."

"लावलं."

"आणि तू ते वाचून, समजून, एक एक अक्षर..."

"दादा, यादी गेली का तेवढं सांग."

"यादी कुठेही गेली नाही. डिस्कवर आहे. पण ती कुलपात आहे, आईच्याच हट्टामुळे. आणि कुलूप उघडणारा प्रोग्राम त्याच अजगराच्या पोटात होता. नेटही उडवलंस, त्यामुळे परत मागवताही येत नाही. मी उद्या दुपारी पेनड्राइव्ह घेऊन येतो. तासाभराचं काम आहे."

"उद्या सकाळी हेडसरांचं ऑपरेशन आहे. आज पाचला रिपोर्ट हवाय. आणि सत्तावीस डब्यांतली त्यांची कुठली हे..."

"अरे," दादा म्हणाला, "मग आता बसा वास घेत."

तो गमतीने म्हणाला होता. ही गंमत मी त्याला कधीही माफ करणार नाही.

हेडसरांना परत डबी द्यायला सांगावं, तर त्यांचा मागचा अनुभव अकरा दिवसांचा. अंदाजाने एखादी उचलावी, तर सर्जन उद्या एका स्वयंपाक्याच्या पोटावरून हेडसरांचं पोट उघडणार. मी सूक्ष्मरावांना सगळं सांगितलं. ते डोळा मायक्रोस्कोपवरून न काढता म्हणाले, "डब्या हलवून बघ."

"म्हणजे?"

"सव्वीस जण एका कॅन्टीनचं, तेलाने निथळणारं खाणारे. सर अकरा दिवसांचे. शास्त्र आहे हे. हलव, वाजली तर सरांची."

"तुम्ही हलवा ना."

"मी तपासतो. शोधून देणं माझं काम नाही. ज्याने काढलं त्याने निस्तरावं."

त्यानंतर मी जे केलं ते मानवजातीत याआधी कुणी केलं असेल असं वाटत नाही, आणि केलं असेल तर त्याने ते लपवून ठेवलंय. हातमोज्यांच्या दोन जोड्या घातल्या, तोंडावर दोन मास्क. फ्रीज उघडला. थंड हवेबरोबर तो वास आला. गार, गोडसर, कुठल्याशा जुन्या दुःखासारखा. मी पहिली डबी उचलली, कानाशी नेली आणि हलवली.

पचक.

ठेवली. दुसरी. पचक. तिसरी, काहीच आवाज नाही, नुसतं आतल्या आत काहीतरी कूस बदलल्यासारखं. ते पचकपेक्षा वाईट. चौथ्या डबीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. त्याबद्दल मी बोलणार नाही. मी मोजे बदलले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो आणि भिंत थंड लागल्यावर आठवलं, की या भिंतीलाही वीस वर्षं लोक हात लावतायत. मग कपाळ धुतलं.

सत्तावीस डब्या. अडीच तास लागले, त्यातले दोन तास मी धूतच होतो. बाहेरून ताईच्या टाइप करण्याचा आवाज अखंड येत होता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "प्रिंटर गरम होतोय." प्रिंटर तिच्या मागे गार पडलेला होता.

शेवटी निकाल लागला. तीन डब्या वाजल्या.

"तीन?" सूक्ष्मरावांनी पहिल्यांदाच डोळा काढला. "म्हणजे कॅन्टीनमधले दोघं तिथलं खात नाहीत. हुशार आहेत."

"आता?"

"आता काय. उघड."

"मी नाही."

"मग सरांना विचार."

"काय विचारू? सर, ओळखा पाहू?"

"ओळखेन," मागून आवाज आला.

हेडसर मधल्या खोलीच्या दारात उभे होते. हात पाठीमागे, पाठ ताठ, पर्यवेक्षक परीक्षेच्या हॉलमध्ये उभे राहतात तसे. त्यांनी किती ऐकलं होतं ते माहीत नाही. बहुधा सगळं. बाकावर सहा तास बसून माणूस दुसरं काय करणार?

"सर, ते कॉम्प्युटर..."

"मेलाय. मी अकरापासून बघतोय. बाई काळ्या पडद्यावर टाइप करतायत." ते पुढे आले, त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या नोकरीत एकदा दोन उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली होती. नापास व्हायचा तो पास झाला. आज तो पूल बांधतो. मी त्या बाजूने जात नाही. तेव्हापासून मी कुठल्याही कार्यालयावर विश्वास ठेवत नाही. आपल्या पेपरवर आपण खूण करून ठेवावी."

"खूण?" मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून आला.

"डबी हाती आली त्याच दिवशी मक्याचे दाणे गिळले. न चावता, पाण्याबरोबर. सात." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मोज."

"सर..."

"मी सांगतो तसं कर."

पहिली डबी उघडली. मी त्यात पाहिलं, म्हणजे एका डोळ्याने, तोही अर्धा मिटून. दाणे नव्हते. दुसरी उघडली. दाणे नव्हते, पण जे होतं त्याला काय म्हणावं हे शब्दकोशाला विचारलं तर शब्दकोश मिटेल. सर लांबूनच म्हणाले, "छे, हे काम ढिसाळ आहे. आपलं नव्हे."

तिसरी.

मी दोन लाकडी काड्या घेतल्या. खोलीतला पंखा फिरत होता, तो मी बंद करायला लावला, कारण वारा जिकडून येतो तिकडून सगळंच येतं. आणि मग, शिकल्यासवरल्या माणसाच्या पोटी जन्म घेऊन, मी मोजायला लागलो. एक. दोन. पिवळे, अख्खे, तकतकीत, ताजेतवाने. सगळ्या प्रवासात त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. त्यांचा मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. तीन. चार. घशाशी आलेलं मी गिळलं, आणि आपण आत्ता गिळलं हे लक्षात येऊन परत वर आलं. पाच. सहा.

"सहा झाले, सर."

"नीट मोज."

"सहाच आहेत."

"परीक्षेतही तू असाच शेवटचा प्रश्न सोडायचास. उलटून बघ."

मी उलटलं.

"सात," मी म्हणालो, आणि नळाकडे धावलो. त्या नळाने त्या दिवशी जे पाहिलं त्याबद्दल त्याला पेन्शन मिळायला हवं.

हेडसर समाधानाने उठले. "आता मी सर्जनना फोन करून येतो, की रिपोर्ट येतोय," म्हणाले आणि बाहेर रस्त्यावर गेले. सूक्ष्मराव काचपट्ट्या काढायला कपाटाकडे वळले. डबी टेबलावर उघडी होती. मी तोंड पुसत होतो. आणि त्याच क्षणी, चारला दहा कमी असताना, स्वच्छतेवरचं व्याख्यान लवकर आटोपून मावशी दारात उभी राहिली.

तिने टेबल पाहिलं. उघडी डबी, बाजूला काड्या, काड्यांवर... असो. मावशीच्या लॅबमध्ये उघडी डबी म्हणजे गुन्हा. तिने पर्स ठेवली, मोजा चढवला आणि डबी उंच धरली.

"हे कुणाचं?"

सूक्ष्मराव कपाटात डोकं घालून राहिले. ताई दारात येऊन उभी राहिली आणि तिनेही मूग गिळले. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागणार होती.

"हे कुणाचं?"

काचेच्या दारातून हेडसर दिसत होते. रस्त्यापलीकडे, एका कानावर फोन, दुसऱ्या कानात बोट. ओरडूनही ऐकू गेलं नसतं. मावशीचा पाय कचऱ्याच्या पिवळ्या डब्याच्या पेडलवर होता. झाकण उघडलं. आत अकरा दिवसांची तपश्चर्या, सात दाणे, उद्याचं ऑपरेशन आणि तीन महिने, सगळं जाणार होतं. मला काकाची कवळी दिसली.

"हे कुणा..."

"माझं!" मी ओरडलो.

बाहेरच्या बाकावर दोन नवीन गिऱ्हाइकं होती, ती उठून उभी राहिली.

"तुझं?" मावशीने डबीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणून नव्हे, मावशी म्हणून. "अरे, तू घरी काही चावून खात नाहीस का?"

पेडलवरचा पाय निघाला होता. झाकण बंद झालं होतं. आता डबी सुरक्षित होती आणि मी नव्हतो. पण ती "सूक्ष्मराव, याचंही बघून घ्या, नाव घाला" म्हणाली, तेव्हा समजलं, की गप्प राहिलो तर हेडसरांचं पोट कागदोपत्री माझं होणार.

"माझं नाही," मी म्हणालो. "सरांचं आहे."

"मग माझं कशाला म्हणालास?"

मग मी सगळं सांगितलं. मावशी उभ्याने ऐकत होती. ताई मध्येच म्हणाली, "मॅडम, तीन हाका मारल्या हो त्याने, मी साक्षीदार आहे. पत्ते वाचवले मी."

"यंत्राने तुला विचारलं नाही?" मावशीने विचारलं.

"विचारलं."

"काय?"

"'होय, मी सांगतो तसं कर' असं लिहा म्हणालं."

"आणि तू लिहिलंस."

"मावशी, पहिल्यांदाच कुणीतरी..." माझा आवाज बसला. "तुला नाही समजणार. तुझं सगळे ऐकतात."

तिने डबीला झाकण लावलं. मला वाटलं, विरघळली. पण आमच्या घराण्यात विरघळायची पद्धत नाही. तिने डबी सूक्ष्मरावांकडे दिली, "सरांचं नाव घाला, पेनाने" म्हणाली आणि पावणेपाचला, बारा वर्षांत पहिल्यांदा, हाताने लिहिलेला रिपोर्ट सही करून हेडसरांच्या हातात ठेवला. सरांनी तो वाचला, एके ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि घडी करून खिशात ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज पास." कौतुकाचा तो हात त्यांनी धुतला होता का, हे मी विचारलं नाही. शर्ट मात्र जाळला.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी ठरल्या वेळी झालं. मंगळवारी दुपारी दादा आला, पेनड्राइव्ह लावला आणि पन्नास मिनिटांत सगळं होतं तसं उभं केलं, पत्त्यांसकट. यादी उघडली. हेडसरांची डबी खरंच तीच होती.

आणि मावशीने मला बोलावलं.

"नियम काय आहे?" तिने विचारलं.

"न विचारता..."

"तो नव्हे. माझं म्हणणाऱ्याने काय करायचं असतं?"

मला नळासकट काका दिसला.

"सांभाळायचं," ती म्हणाली. "भरलेल्या खोलीत माझं म्हणालास. उद्यापासून लाल झाकणं तुझ्याकडे. घेणं, मोजणं, फ्रीजमध्ये लावणं. कॉम्प्युटर ताई बघेल."

"मावशी, मला किळस येते गं."

"मग प्रश्न वाचायचा होतास."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. ताई आता माझ्या खुर्चीत बसते, पत्ते खेळते आणि मी फ्रीजकडे निघालो की न बघता म्हणते, "चिमणे, वाजवून बघ." मी साबणाच्या सात वड्या संपवल्या. मका मी दुकानातही ओळखत नाही असं दाखवतो. पण तो वास, तो गार गोडसर वास, नाकात नाही, नाकाच्या मागे कुठेतरी बसलाय आणि जेवताना, दात घासताना, झोपेतसुद्धा उघडझाप करतो. म्हणून काल मी लॅबच्या छापील कागदावर खालील अर्ज केला आणि आवक टपालाच्या ट्रेमध्ये ठेवला. ताईने त्यावर शिक्का मारला, फ्रीजच्या दारावर चिकटवला आणि त्यावर उद्याचा कामाचा तक्ता लावला.

प्रति, प्रमुख, लॅब (मावशी).
विषय: अर्जदाराच्या डोक्यातील वास काढून टाकणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवण्यात येते की, दिनांक सोमवारी कोणताही प्रकार घडलेला नसून, त्या प्रकारात अर्जदाराच्या डोक्यात एक वास बसलेला आहे. सदर वासाबाबत अर्जदाराने घरी व कार्यालयात "हे कुणाचं?" अशा प्रत्येकी तीन हाका मारल्या असून कोणीही मालकी सांगितलेली नाही. काकांनी सवयीने "माझं" म्हटले होते, परंतु वास घेतल्यावर मागे घेतले. सबब विनंती की, सदर वास, त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या सर्व आठवणी, सात दाणे व चौथ्या डबीसह, अर्जदाराच्या डोक्यातून तात्काळ काढून टाकण्यात यावा. असे केल्याने इतर चारशे सात गोष्टी जाणार असल्यास त्यास अर्जदाराची हरकत नाही. काढतेवेळी पुन्हा खात्री विचारण्यात आल्यास अर्जदाराचे उत्तर आगाऊ नोंदवून घेण्यात यावे, ते असे:

होय, मी सांगतो तसं कर!